लंका नाव कुणी ठेवलं

आमच्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या भांड्यांवर माझं नाव आहे, पण त्यातलं एकही मी आजवर घासलेलं नाही, असं आमची ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खरं आहे ते. मी फक्त त्यांच्यावरून बोट फिरवतो. नावं ठिपक्यांची आहेत. छिन्नीचं टोक पत्र्यावर टेकवायचं, हातोडीनं हलकेच ठोका द्यायचा, की एक ठिपका. असे सात-आठ ठिपके एकाखाली एक उतरले की कुठं एक काना होतो. आतल्या बाजूनं बोट फिरवलं की ते खसखशीसारखे हाताला लागतात. आता दुकानात यंत्रानं नाव घालतात. ते दिसतं सुबक, पण बोटाला काही सांगत नाही.

आमची ही ठिपक्यांची अक्षरं लंकाबाईची.

सोलापुरात मधल्या मारुतीच्या मागच्या बोळात सिद्रामप्पा शेठचं भांड्यांचं दुकान होतं. भांडं आत घ्यायचं आणि पायरीवर नाव घालून घ्यायचं, अशी रीत. त्या पायरीवर, पोत्याच्या घडीवर, एक गुडघा वर घेऊन लंकाबाई बसायची. काळीसावळी, हाडापेरानं काटक, कपाळावर गोंदलेलं. पुढ्यात बाभळीचा एक ओंडका, त्यावर भांडं पालथं. हे काम आधी तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर शेठ छिन्नी-हातोडी परत न्यायला तिच्या घरी गेले, तर ही म्हणाली, नेताय तर न्या, पण सोबत धरणारा हात पण न्या. शेठनी दुसऱ्या दिवशी तिलाच पायरीवर बसवलं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेलेली. पण जेवतानाही नावं ठोकत बसणाऱ्या नवऱ्याला समोरून भाकरी वाढता वाढता तिनं सगळी अक्षरं पाठ केली होती, आणि समोरून बघून शिकल्यामुळं ती सगळी उलटी शिकली होती. त्यामुळं पुढं ती नाव घालायची तेही उलटं, म्हणजे तिच्या बाजूनं उलटं आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सरळ. कुणी नवल केलं की म्हणायची, जिचं नाव हाय तिला सरळ दिसतंय न्हवं, मग झालं.

तिची माझी ओळख माझ्या एका विनोदामुळं झाली. तेव्हा मी नवा मास्तर होतो, मराठी शिकवायचो, आणि नावांचे अर्थ सांगण्याची मला खोड होती. कुणाचं नाव कळलं की मी न विचारता अर्थ सांगायचो. येत नसला तर जास्त ठासून सांगायचो. लग्नात आहेर आलेली ताटं घेऊन मी त्या पायरीशी गेलो, आणि शेठनी आतून हाक दिली, "लंकव्वा, मास्तरांचं बघ जरा." शेठचं घर कानडी, त्यांच्या तोंडी सगळ्या बायकांची अव्वा व्हायची. मी नाव ऐकलं, वर पाहिलं, देवळाचा कळस दिसला, आणि माझ्यातला विद्वान उसळला. चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणालो की बाई, नाव लंका आणि बसताय मारुतीच्या पाठीमागं, तेव्हा शेपटीपासून जपून राहा.

गिऱ्हाइकं हसली. तिनं मानही वर केली नाही.

"मास्तर, ह्यो इनोद लई जणांनी केलाय," ती म्हणाली. "मारुती तितं, मी हितं. त्यानं अजून एकदा पण तक्रार केली न्हाय. माणसंच करत्यात."

मग नाव विचारलं. मी नावापुढं बी.ए., बी.एड. घालायला सांगितलं. तिनं ताट हातात तोललं आणि विचारलं, यात जेवायचं हाय का नोकरी मागायची हाय? पदवी राहिली ती राहिलीच. आजही आमच्या ताटांवर मी नुसता नाव-आडनावाचा माणूस आहे.

त्याच खेपेला बायकोच्या नावाची एक कळशी होती. तिचं नाव सुंदरा. ते ऐकल्यावर लंकाबाईनं छिन्नी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कुणी ठेवलं?"

हा तिचा नेम होता. पुरुषाचं नाव असलं तर काही विचारायची नाही, सरळ ठोकायला लागायची. बाईचं नाव असलं की आधी कुणी ठेवलं, का ठेवलं. मागं रांग असो, उन्हाचा कडाका असो. मी रुबाबात म्हणालो, सुंदरा म्हणजे सुंदर, दिसायला चांगली म्हणून ठेवलं असणार. ती म्हणाली, असणार न्हाय, इचारून या. आणि कळशी खरंच बाजूला सारली. मी एप्रिलच्या उन्हात घरी जाऊन बायकोला विचारून आलो. बायको माळशिरसकडची, घरी मेंढरं-शेळ्या. ती जन्मली तेव्हा तिच्या आईला दूधच आलं नाही. दारातल्या एका शेळीच्या दुधावर पोर जगली. त्या शेळीचं नाव सुंदरा. आत्यानं बारशाला तेच नाव पोरीच्या कानात सांगितलं. लग्न ठरल्यापासून मी या बाईला तिच्या नावाचा अर्थ रंगवून सांगत होतो, आणि ही मुकाट ऐकून घेत होती. का सांगितलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही बोलताना मधे जागा कुठं असते?

शेळीचं ऐकून लंकाबाई खूश झाली. त्या कळशीवरचं नाव तिनं असं घातलं की ठिपक्याला ठिपका सारखा.

तिचा दुसरा नेम साखरेचा. पदराला एका पुरचुंडीत साखर बांधलेली असायची. नाव घालून झालं की भांडं पदरानं पुसायची, त्यात चिमूटभर साखर टाकायची आणि मग हातात द्यायची. रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही. नवं असो, जुनं असो, शेजारणीची वाटी असो. हे काही तिनं शोधून काढलेलं नव्हतं, आपल्याकडं घरोघरी हेच चालतं. पण ते मी किती विसरू शकतो हे पुढं यायचं आहे.

एकदा मी शेठशी गप्पा मारत बसलो होतो, तेव्हा एक सासूबाई नव्या सुनेला घेऊन आल्या. हंडा, घागर, तांब्या, सगळं रुखवतातलं. सगळ्यावर लंकाबाईनंच महिन्याभरापूर्वी घातलेलं नाव, कस्तुरी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं होतं, श्वेता. तर जुनं खोडून तिथं नवं घाला, असं सासूबाईंचं म्हणणं. लंकाबाईनं हंडा फिरवून पाहिला. म्हणाली, ठिपका म्हंजी पत्र्याला पडलेला खड्डा, बुजवायचा कसा? सासूबाई म्हणाल्या, घासून काढा. तर ही म्हणाली, घासलं तर भोक पडंल, मग घागरीतनं कस्तुरी पण गळंल आन् श्वेता पण.

शेवटी तिनं तोडगा काढला. जुनं नाव वर राहील, नवं त्याच्या खाली येईल. "माहेरी ह्याच नावानं हिला जेवायला हाक मारत व्हते की," ती सासूबाईंना समजावत म्हणाली. "एका भांड्यावर दोन नावं मावत्यात. मी बसवते." सून तोवर अंगठ्यानं पायरी उकरत उभी होती. तिनं तेवढ्यात एकदा वर पाहिलं. पुढं ती पोर बाजाराला आली की उगाच पायरीवर टेकायची. लंकाबाई तिला कस्तुरे म्हणायची आणि तिचं हातातलं काम थांबायचं नाही.

या बाईच्या स्वतःच्या घरी मात्र एकाही भांड्यावर तिचं नाव नव्हतं. तीन भांडी नवऱ्याच्या नावाची, बाकीची कोरी. मी एकदा त्यावरून छेडलं, तर म्हणाली, माझं अजून ठरलं न्हाय. ते काय ठरायचं होतं ते तिनं एका दुपारी भाकरी आणि शेंगाची चटणी खाता खाता सांगितलं. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं आणि सुदैवानं माझ्या तोंडात घास होता.

तिचं माहेर करमाळ्याच्या अंगाला. थोरली बहीण काशी, मग मथुरा, मग अयोध्या, मग द्वारका. पाचवी ही. बाकी चौघींना देवाची गावं मिळाली, हिला लंका. शाळेत, विहिरीवर, सासरी, सगळीकडं तेच विनोद. मारुतीचा, शेपटीचा, आगीचा. पण विनोदाचं तिला काही नव्हतं.

"गया शिल्लक व्हती, तुळजा व्हती, उज्जैनी व्हती," ती बोटं मोडत म्हणाली. "एवढी गावं टाकून माझ्यापाशीच लंका का? पाचवी बी पोरगीच म्हणल्यावर कुणाच्या तरी तोंडातनं गेलं आसंल, जळो मेली. आन् तेच नाव ठेवलं आसंल. आसं असंल तर, मास्तर, ते मी माझ्या हातानं भांड्यावर कशाला घालू?"

नाव आत्यानं ठेवलं, एवढं तिला माहीत होतं. आई ती चार वर्षांची असताना गेली. पोरींना आजोळी नेलं आणि आत्या जेऊरजवळच्या एका वस्तीवर जाऊन राहिली, ती अजून तिथंच होती, एकटी. सोलापूरहून जेऊर म्हणजे गाडीनं दोन-अडीच तास. मग जाऊन विचारत का नाही, असं मी म्हटलं. तिनं भाकरीचा तुकडा चटणीत फिरवला.

"इचारलं आन् तिनं खरंच तसं सांगितलं तर? आज ठाऊक न्हाय तर निदान निम्मी आशा हाय."

म्हणून ती दुसऱ्या बायकांना विचारत होती. कुणी ठेवलं, का ठेवलं. शेळीवरून, वेलीवरून, मेलेल्या मावशीवरून. दुसऱ्यांच्या नावांचं कौतुक ऐकत ऐकत तिची दुपार जायची.

आमची मुलगी झाली तेव्हा माझ्यासमोर अडचण उभी राहिली. बारशाला आत्या पाहिजे आणि मला बहीण नाही. बायको म्हणाली, लंकाबाईंना बोलवा. मी गेलो. ती आधी नको म्हणाली. म्हणाली, माझ्या नावाची बाई पाळण्यापाशी कशाला? मग पोरीचं नाव काय ठरवलंय म्हणून विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, अनामिका.

"म्हंजी काय?"

"जिला नाव नाही ती."

तिनं हातोडी खाली ठेवली. "मास्तर, तुमी नाव ठेवताय का काढून घेताय?"

आणि बारशाला यायचं तिथंच कबूल केलं, बहुधा पोरीला माझ्यापासून वाचवायला. आली ती इरकली नेसून, पदराला साखरेची पुरचुंडी तशीच. पाळण्यात वाकून आत्या बाळाच्या कानात कुर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली जुनी मजा. आमच्या वाड्यातल्या बायकांनी तिला चांगलेच हाणले. ती वाकली, कानात काही पुटपुटली आणि ताठ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, जाई. मी म्हटलं, अहो, ठरलेलं... माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पेढे वाटून झाले होते. बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं की हा कट आधीच शिजला होता.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो. तिनं तीन कारणं दिली. एक, दारात जाईचा वेल आहे, नाव रोज डोळ्यांसमोर असावं, पुस्तकात शोधायला लागू नये. दुसरं, नावाची हाक लांबवर जाते. तिसरं कारण सांगताना तिनं चांदीचा एक चमचा माझ्या हातात ठेवला. त्याच्या दांडीवर ठिपक्यांत जाई असं घातलेलं होतं.

"चमच्यावर पण बसतंय," ती म्हणाली. "तुमच्या त्या नावाला परात लागली असती."

तेव्हापासून बायको तिला वन्सं म्हणायला लागली. आधी थट्टेनं, मग खरंच.

आता माझ्या थोर कामगिरीकडं येतो. जाई पहिलीत होती. आमच्या शाळेतल्या एकाचं लग्न जेऊरला निघालं. मी सहज बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई आमच्या दारात. हातात स्टीलचा डबा, आत दाण्या-गुळाच्या सहा शेंगापोळ्या. झाकणावर ताजं नाव, सीता. आत्याचं नाव सीता आहे हे मला त्या दिवशी कळलं. सीतेनं लंका नाव ठेवलं, हे ऐकल्याबरोबर माझी जीभ वळवळली, पण तिच्या तोंडाकडं बघून मी ती आवरली. मी गिळलेला तो आयुष्यातला एकमेव विनोद.

"वस्तीवर कुणीबी दाखवंल," ती म्हणाली. "डबा द्या. आन् जमलं तर इचारा. माझ्या नावानं न्हाय, तुमी नावाचे अर्थ गोळा करता म्हणून इचारा." आणि जाता जाता उंबऱ्यावरून वळून, "जसं सांगंल तसं सांगा मला. गोड करू नका."

कुर्डूवाडीपर्यंत मी शहाण्यासारखा जागा होतो. तिथं चहा घेतला. मग खिडकीशी वारा छान लागत होता म्हणून डोळे मिटले. उघडले तेव्हा फलाटावर पाटी होती, दौंड. लग्न गेलं, जेऊर गेलं, आत्या गेली. परतीच्या गाडीला तीन तास होते आणि पोटात काही नव्हतं. एक पोळी मी चव बघायला खाल्ली. दुसरी पहिलीची खात्री करायला. सहावी खाताना मला थोडं वाईट वाटलं, पण एकटी पोळी डब्यात खडखडत नेणं काही बरं दिसलं नसतं. परत येताना गाडी जेऊरला थांबली. मी खिडकीतून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, आता रिकाम्या डब्यानं कुठं उतरायचं?

सोलापूर येईपर्यंत माझी गोष्ट तयार होती. आत्या भेटली, ठणठणीत आहे, पोळ्या फार आवडल्या, आणि नावाचं म्हणाली की पोर अशी सोन्यासारखी झळझळीत जन्मली, की सोन्याची लंकाच वाटली. सांगताना मी हातवारेही केले. लंकाबाई ऐकत होती. मध्येच तिनं स्वतःच्या काळ्याभोर हाताकडं एकदा पाहिलं. मग माझ्याकडून डबा घेतला, झाकण काढलं, आत बघितलं, झाकण लावलं.

"बरी हाय न्हवं आत्या?"

"अगदी."

"बरं," ती म्हणाली, आणि समोरच्या तांब्याचं अर्धं राहिलेलं नाव घालायला लागली.

मी हलक्या मनानं घरी आलो आणि बायकोला सगळं खरं सांगितलं, थोड्या अभिमानानंच. तिनं एकच विचारलं, डबा कसा दिलात? रिकामा, म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, वस्तीवरची एकटी म्हातारी, इतक्या वर्षांनी माहेरच्या पोरीचा डबा आलेला, आणि ती तो रिकामा धाडेल होय? चिमूटभर साखर तरी टाकायची होती.

इतकी वर्षं त्या बाईच्या हातची साखर खाऊन मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती. तिसऱ्याही. शेठ म्हणाले, गावाला जाते म्हणाली. मी त्या बोळातून दिवसातून तीनदा जायला लागलो. गोड करू नका म्हणाली होती, आणि मी सोन्याचा मुलामा देऊन आलो होतो. ती आता तिथं जाऊन काय ऐकून येईल, आणि ते ऐकायला तिला मी पाठवलं, या विचारानं माझं शिकवण्यात लक्ष लागेना. एका वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला. पोरांनीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी ती पायरीवर होती. ओंडक्यावर भांडं नव्हतं. मी लांबूनच थांबलो, तर तिनं हातानं बसा म्हणून खुणावलं.

"तुमची सोन्याची लंका ऐकली तवाच ठरवलं," ती म्हणाली. "म्हणलं, मास्तर जर माझ्यासाठी एवढं खोटं बोलतोय, तर खरं लई वाईट आसणार. मग रोज भिण्यापरीस एकदा ऐकून येऊ."

आत्यानं तिला ओळखलं नव्हतं. नाव सांगितल्यावर ओळखलं. मग चुलीपुढं बसून तिनं जे सांगितलं ते लंकाबाईनं मला सांगितलं, जसंच्या तसं, गोड न करता.

सीताआत्याला नवऱ्यानं टाकली होती. भावाच्या घरी परत आली, तर भाऊ म्हणाला, चार पोरींचं घर, दोन महिने राहा आणि मग तुझं बघ. कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. त्यात पाचवी मुलगी झाली. बारसं करायचं कुणाच्या मनात नव्हतं, बायका बोलावल्या नाहीत, पाळणा बांधला नाही. पोरीच्या आईनं अंथरूण धरलेलं. पोर रडायची आणि फक्त आत्याच्या मांडीवर गप व्हायची. तेव्हा भाऊ म्हणाला, राहा आता हितंच, पोर बघायला कुणीतरी पाहिजे. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. पोर आजोळी गेली तेव्हा आत्यालाही घर सोडावं लागलं.

"मी म्हणलं, मग लंका का गं? तर म्हणली, अयोध्येनं सीतेला भाईर काढली. लंकेनं ठेवून घेतली. तितं तिला झाडाची सावली तरी व्हती. तू आलीस म्हणून मला त्या घरात जागा मिळाली. मग तुझं दुसरं नाव काय ठेवू?"

लंकाबाई थांबली. दुकानात कुणीतरी ताटं मोजून रचत होतं, त्याचा आवाज येत होता. मी इतकी वर्षं नावांचे अर्थ सांगत फिरत होतो, पण हा अर्थ मला कधी सुचला नसता. मी म्हणालो की माझं चुकलं, लंकाबाई.

"चुकलं की," ती म्हणाली. "आन् सहा पोळ्या व्हत्या. एक तरी ठेवायची." मग मागून तोच डबा काढून माझ्या हातात दिला. जड होता. आत फुटाणे आणि गुळाचा खडा. "आत्यानं दिलाय. म्हणली, भुकेल्या मास्तरला दे. आन् सांग, तू आला न्हाईस म्हणून ही आली."

पुढं दहाएक वर्षं ती पायरीवर होती. दर दिवाळीला जेऊरला जाऊन यायची. मग शेठच्या मुलानं यंत्र आणलं, तिच्या डोळ्यांना ठिपके दिसेनात, आणि एक दिवस ती छिन्नी पिशवीत टाकून निघाली. आत्याला आता चूल पेटवता येत नव्हती. मी स्टेशनवर सोडायला गेलो. इथं राहा, आम्ही आहोत, जाई आहे, असलं काहीबाही बोललो. ती खिडकीशी बसून शांतपणे म्हणाली, सीतेला ठेवून घ्यायला दुसरं कोण हाय, मास्तर? गाडी हलली तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पूर्वीची मिश्किली आली. "मी झोपणार न्हाय. दौंडला पोळ्या चांगल्या मिळत्यात म्हणं, पर मला जेऊरलाच उतरायचंय."

जाई पुण्याला शिकायला गेली आणि माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडी जेऊरला दोन मिनिटं थांबायची. वस्तीवरच्या कुणाच्या तरी फोनवर मी निरोप ठेवायचो, आणि ती फलाटावर उभी असायची. मी दारातून भरलेला डबा द्यायचो, परतीला ती भरलेला डबा द्यायची. तोच, सीता नावाचा. आमच्याकडून शेंगापोळ्या, चटणी. तिच्याकडून हुरडा, फुटाणे, एकदा नुसतीच बोरं. आत्या गेल्याचंही मला असंच त्या दोन मिनिटांत कळलं. म्हणाली, नव्वदी गाठली, झोपेत गेली, माझ्या मांडीवर डोकं व्हतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी उतरतो, निवांत बोलू. ती म्हणाली, उतरा की, कवाबी. प्रत्येक वेळी मी हेच म्हणायचो आणि प्रत्येक वेळी ती हेच म्हणायची. गाडीला दोन मिनिटं होती आणि मला वाटायचं, वर्षं भरपूर आहेत.

शेवटची ती दिसली ती थंडीत. पुण्याला निघालो होतो. गाडी थांबली तर फलाटावर ती नव्हती. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि मग ती काठी टेकत येताना दिसली. मागच्या खेपेला तिच्याकडंच राहिलेला सीता नावाचा डबा हातात होता. चार पावलं गाडीबरोबर चालून तिनं तो माझ्या हातात कोंबला. या खेपेला आणलेला दुसरा डबा मी घाईत तिच्या हातात दिला. जाई बरी हाय का, एवढंच विचारलं तिनं. मी ओरडलो, बरी आहे, येताना उतरतो. ती काहीतरी म्हणाली, पण ते चाकांत गेलं. कपाळावर आडवा हात धरून ती बघत उभी राहिली, ऊन तोंडावर होतं.

भिगवण गेल्यावर मी डबा मांडीवर घेतला. सवयीनं झाकणावर बोट फिरवलं. सीता लागलं. आणि त्याच्या खाली आणखी काही लागलं. ठिपके वाकडेतिकडे पडले होते, एकदोन दोनदा पडले होते, डोळे गेलेल्या हाताचे. दोन अक्षरं. लंका. माझ्या बाजूनं सरळ होती.

येताना मी उतरलो नाही. शाळेत तपासणी होती. तीन आठवड्यांनी वस्तीवरून फोन आला.

जाई आता पुण्यालाच नोकरी करते. तिला कुणी नावाचा अर्थ विचारला की ती सांगते, चमच्यावर बसतं म्हणून ठेवलं. मी अजून महिन्या-दोन महिन्यांनी जातो. बायको न सांगता सहा पोळ्या करते आणि त्याच डब्यात भरते. कुर्डूवाडीपासून मी चहा घेत नाही, बसतही नाही. जेऊर आलं की दारात उभा राहतो. वस्तीचा रस्ता फलाटावरून दिसतो, बाभळी आहेत दोन्ही बाजूंनी. दोन मिनिटं होतात. मी उतरत नाही. आता उतरून कुणाला काय विचारायचं, असं मनाशी म्हणतो, आणि मला चांगलं माहीत आहे की हे भिणाऱ्या माणसाचं बोलणं आहे.

दौंडला डबा उघडतो. पाच पोळ्या जाईला जातात, एक मी तिथंच फलाटावर बसून खातो. परत निघताना डबा धुऊन पुसतो आणि झाकण लावायच्या आधी खिशातल्या पुरचुंडीतली चिमूटभर साखर आत टाकतो. त्या एका दिवसानंतर तो डबा मी कधी रिकामा सोलापुरात आणलेला नाही.